भुते, जादूगार आणि बादशहा

मित्रांनो, भूत नसते, हे तुम्हांला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. तरीसुद्धा रात्री वीज गेली, की स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला आणायला घरातले कोणी आपणहून उठत नाही. ‘तू जा’, ‘नाही, तू जा’ असे सुरू होते. शेवटी सगळे तहानलेलेच झोपतात. जी गोष्ट जगात नाही, तिची एवढी भीती का वाटावी? आणि भीती वाटते म्हणावे, तर पदरचे पैसे खर्च करून लोक भीतीची पुस्तके का वाचतात?

मी अशी पुस्तके पुष्कळ वाचली आहेत. माझ्या कपाटात एका कप्प्यात भुताखेतांच्या कादंबऱ्या आहेत. दुसऱ्या कप्प्यात काळ्या जादूच्या दास्ताना आहेत. त्यांना लागूनच तिसरा कप्पा ऐतिहासिक कादंबऱ्यांचा आहे. घरी येणारे पाहुणे विचारतात, “भुतांच्या शेजारी हे बादशहा कशाला बसवलेत?” त्यांना मी वेळोवेळी जे सांगत आले, तेच आज तुम्हांला सांगते. ही माझी मते आहेत. ती तुम्हांला पटलीच पाहिजेत असे मुळीच नाही.

माझे बालपण मालेगावात गेले. आमच्या गल्लीत दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट चाले. मागांचा आवाज थांबला, म्हणजे वीज गेली असे समजायचे. घरात आम्ही उर्दू बोलायचो. मराठी मी तुमच्यासारखीच शाळेत, दुसरी भाषा म्हणून शिकले. गल्लीच्या टोकाला एक खासगी लायब्ररी होती. दिवसाला चार आणे भाडे. मुलींनी तिथे जाण्याची पद्धत नव्हती, म्हणून पुस्तके भाईजान आणत. ते स्वतःच्या आवडीची आणत आणि मी सांगितलेली विसरत. त्यामुळे हाती येईल ते वाचायची सवय मला लहानपणीच लागली.

पण भीतीची पहिली ओळख पुस्तकातून झाली नाही, नानीच्या तोंडून झाली. नानीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिला ‘तिलिस्म-ए-होशरुबा’तले प्रसंग मात्र तोंडपाठ होते. वीज गेली, की आम्ही मुले तिच्याभोवती गोळा व्हायचो आणि ती अम्र अय्यार आणि त्याची जंबील यांची गोष्ट सुरू करायची. या जंबिलीत कितीही सामान मावते, हे तुम्हांला सांगायला नको. तुमच्यापैकी अनेकांचे दप्तरही तसेच असते!

‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हा अमीर हमजाच्या दास्तानीचा सर्वांत गाजलेला भाग. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ पासून तो छापायला सुरुवात केली. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले, पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. त्याआधी ही दास्तान दास्तानगो लोकांच्या जिभेवर होती. दिल्लीचे मीर बाकर अली हे जुन्या परंपरेतले शेवटचे मोठे दास्तानगो १९२८ मध्ये वारले, आणि ही कला संपली असेच लोक समजले. पुढे २००५ मध्ये शम्सुर्रहमान फारुकी आणि महमूद फारुकी यांच्या प्रयत्नाने दास्तानगोई पुन्हा रंगमंचावर आली.

होशरुबा हा जादूने बांधलेला देश आहे. त्याचा बादशहा अफरासियाब. या देशाचा एक भाग दिसणारा, दुसरा लपलेला आणि तिसरा निव्वळ काळोखाचा. त्याचे नाव जुल्मात. मधून रक्ताची नदी वाहते. ऐकतानाच अंगावर काटा येतो. पण या भयंकर देशालाही कायदा आहे, हे मला लहानपणापासून फार आवडत आले आहे. प्रत्येक तिलिस्मची एक लौह असते, म्हणजे पाटी. ती ज्याच्या हाती पडेल, त्याला तिलिस्म तोडण्याची रीत कळते. तो कोण तोडणार, हेही आधीच ठरलेले असते. जादूगार कितीही बलाढ्य असो, त्याला या नियमांबाहेर जाता येत नाही.

आणखी एक गोष्ट आहे. या दास्तानीत जादूगार मेला, की वादळ उठते, अंधार होतो, आणि त्या गोंधळात एक आवाज येतो. मेलेल्या जादूगाराचे नाव तो आवाज पुकारून सांगतो. प्रत्येक जादूगाराचे. अगदी दोन ओळींत येऊन मरणाऱ्या किरकोळ जादूगाराचेसुद्धा. नानी तो आवाज काढायची, तेव्हा आम्ही एकमेकांना घट्ट धरून बसायचो. आज वाटते, ती केवढी मोठी रीत होती! शत्रूसुद्धा नाव सांगितल्यावाचून मरत नाही.

आता तुम्हांला थेट युरोपात घेऊन जाते. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या ब्रॅम स्टोकर या लेखकाची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. रक्त पिणाऱ्या सरदाराची ही गोष्ट तुम्ही चित्रपटांतून किंवा चित्रकथांतून ऐकली असेल. मूळ कादंबरी त्यांपेक्षा पुष्कळ चांगली आहे. जोनाथन हार्कर नावाचा तरुण वकील कामानिमित्त डोंगरातल्या एका जुन्या किल्ल्यात जातो. सकाळी तो आरशासमोर दाढी करत असतो. इतक्यात त्याच्या खांद्यावर हात पडतो. ड्रॅक्युला पाठीमागे उभा आहे, पण आरशात कोणीच नाही! मित्रांनो, येथे रक्त नाही, किंकाळी नाही, हाडांचा सापळा नाही. एक साधा आरसा आहे. भीती निर्माण करायला चांगल्या लेखकाला एवढे पुरते. जे लेखक पानोपानी रक्ताचे सडे घालतात, त्यांची पुस्तके मी दहाव्या पानावर मिटते. मला भीती वाटते म्हणून नव्हे, कंटाळा येतो म्हणून.

ड्रॅक्युलालाही होशरुबासारखे नियम आहेत. घरातल्या कोणी आत बोलावल्याशिवाय तो पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकू शकत नाही. दिवसा त्याची शक्ती कमी होते. या नियमांमुळेच गोष्टीत जीव येतो. काहीही करू शकणारे भूत मला पटत नाही. मग माणसाने लढायचे तरी कशाच्या आधारावर?

तरी या कादंबरीबद्दल माझी एक तक्रार आहे. सगळी कादंबरी रोजनिशा, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांतली कात्रणे यांनी बनली आहे. हार्करची रोजनिशी आहे, त्याच्या पत्नीची आहे, डॉक्टरची आहे. ड्रॅक्युलाची मात्र रोजनिशी नाही. त्याच्याविषयी जे कळते, ते त्याला मारायला निघालेल्या माणसांकडून. एखादा खटला चालावा, साक्षीदारांनी भरभरून बोलावे आणि आरोपीला एक शब्दही विचारू नये, तसे हे आहे. तो दोषी आहे, यात शंका नाही. पण शेकडो वर्षे एकट्याने त्या किल्ल्यात काय केले, हे त्याच्या तोंडून ऐकायला मला आवडले असते.

आपल्याकडच्या भीतीच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगते. भाईजानची आवड म्हणजे इब्ने सफी. त्यांच्या ‘जासूसी दुनिया’ या मालेची सुरुवात १९५२ मध्ये अलाहाबादेत झाली. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले, आणि पुढे १९८० मध्ये वारले, तोपर्यंत लिहीत राहिले. त्यांची ‘खौफनाक इमारत’ मी एका दुपारी वाचून काढली. नावावरून भुताची वाटते, पण भूत शेवटी माणूसच निघतो. पुस्तक मिटल्यावर मन स्वस्थ होते. मराठीत नारायण धारप तसे स्वस्थ होऊ देत नाहीत. साधे घर, साधी माणसे, नेहमीची संध्याकाळ, आणि मग काहीतरी किंचित चुकते. परदेशी कल्पना घेऊनही ते गोष्ट आपल्या मातीतली करत. त्यांची ‘लुचाई’ स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या १९७५ सालच्या कादंबरीवर आधारलेली आहे, पण वाचताना अमेरिका आठवतही नाही. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांत भूत बाहेर कमी आणि माणसाच्या मनात जास्त असते. आमच्या मराठीच्या सरांनी मला पहिल्यांदा मतकरींचे पुस्तक दिले, तेव्हा म्हणाले होते, “शब्द अडला तर खूण कर, पण थांबू नकोस.” मी एकही खूण केली नाही. थांबायला सवडच मिळाली नाही. मराठी मी व्याकरणाच्या पुस्तकातून जेवढी शिकले, त्यापेक्षा अधिक या भुतांकडून शिकले!

आता माझ्या सर्वांत आवडत्या पुस्तकाकडे वळते. त्यात परकी भाषा शिकणारी एक मुलगी आहे, म्हणून तुम्हांलाही ते जवळचे वाटेल.

१८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातल्या तांबोरा नावाच्या ज्वालामुखीचा मोठा स्फोट झाला. त्याची राख आणि वायू आकाशात इतके उंच गेले, की पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. सारखा पाऊस आणि थंडी. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी काही तरुण मंडळी सुट्टीसाठी आली होती. बाहेर पडता येईना. तेव्हा कवी बायरन यांनी सुचवले, की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी. त्या मंडळींत एक अठरा वर्षांची मुलगी होती. पुढे ती मेरी शेली या नावाने ओळखली गेली. त्या पावसाळी दिवसांत तिने सुरू केलेली गोष्ट म्हणजे ‘फ्रँकेन्स्टाइन’. १८१८ मध्ये ती छापली गेली, तेव्हा पुस्तकावर लेखिकेचे नावही नव्हते.

अनेकांना वाटते, फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नाव आहे. तसे नाही. ते त्याला बनवणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव. मृत शरीरांचे अवयव जोडून तो एक प्रचंड देह तयार करतो आणि त्यात प्राण ओततो. त्या जिवाने डोळे उघडताच, तो किती कुरूप आहे हे पाहून त्याचा निर्माताच पळून जातो. त्या बिचाऱ्याला नाव ठेवायलाही कोणी उरत नाही. होशरुबातल्या किरकोळ जादूगारालाही नाव असते. याला तेही नाही.

कादंबरीच्या मध्यावर एक विलक्षण गोष्ट घडते. लेखिका त्या जिवाला बोलू देते. एकदोन वाक्ये नव्हेत, कित्येक प्रकरणे तो स्वतःची हकिगत सांगतो. लोकांनी दगड मारल्यावर तो एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो. भिंतीला एक फट असते. त्या फटीतून त्याला एक गरीब कुटुंब दिसते. आंधळे वडील, मुलगा फेलिक्स आणि मुलगी अगाथा. यांना लाकडे तोडण्याचे कष्ट पडतात, हे पाहून तो रात्री गुपचूप लाकडे तोडून दाराशी आणून ठेवतो. सकाळी ते आश्चर्य करतात आणि तो फटीतून त्यांचा आनंद पाहतो.

मग त्या घरात एक परकी मुलगी येते. तिचे नाव सेफी. तिचे वडील तुर्की व्यापारी, आई अरब. तिला त्या घराची भाषा येत नाही. फेलिक्स तिला रोज ती भाषा शिकवतो. एकेक शब्द, एकेक वाक्य. भिंतीपलीकडे, काळोखात बसलेला तो जीवही तोच धडा तिच्याबरोबर शिकतो. तिच्यापेक्षा लवकर शिकतो, असे तो थोड्या अभिमानाने सांगतोही. मित्रांनो, दुसरी भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी मी पुष्कळ वाचले आहे. पण भिंतीच्या फटीला कान लावून, कोणाशी तरी दोन शब्द बोलता यावेत एवढ्यासाठी भाषा शिकणारा हा विद्यार्थी मी विसरू शकत नाही.

भाषा आल्यावर तो धीर करतो. घरात आंधळे म्हातारबाबा एकटे असताना तो दार ठोठावतो. ते त्याला आत बोलावतात, बसायला सांगतात, त्याचे दुःख ऐकतात. त्याचा चेहरा त्यांना दिसत नाही, फक्त शब्द ऐकू येतात. शब्द चांगले आहेत. एवढ्यात मुले परत येतात. अगाथा बेशुद्ध पडते, सेफी पळून जाते, फेलिक्स काठी घेऊन मारू लागतो. तो जीव एवढा बलवान असतो, की फेलिक्सला सहज फाडून टाकू शकला असता. पण तो मार खातो आणि निघून जातो.

पुढे तो सूड घेतो. निरपराध माणसांना मारतो. एका लहान मुलाचाही जीव घेतो. त्याची कहाणी ऐकली, म्हणून हे खून माफ होत नाहीत. लेखिकाही ते माफ करत नाही. पण एक फरक पडतो. आता आपण त्याला नुसता राक्षस म्हणून मोकळे होऊ शकत नाही. मला भीती वाटते ती येथे. आरशात न दिसणाऱ्या ड्रॅक्युलापेक्षा, फटीतून पाहणारे हे डोळे मला जास्त झोप येऊ देत नाहीत.

या डोळ्यांची आठवण मला तिसऱ्या कप्प्याजवळ हटकून होते. तिथेही पुष्कळ माणसांना बोलू दिलेले नाही. भुताची कादंबरी ‘मी खरी आहे’ असे म्हणत नाही. वाचून झाली, दिवा लावला, की संपली. ऐतिहासिक कादंबरी तसे करत नाही. तिच्यात खरी नावे असतात, खऱ्या तारखा असतात, खरे किल्ले असतात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, हे खरे. माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला क्षयाने वारले, तेव्हा ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते, हेही खरे. पण रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’मध्ये माधवराव आणि रमाबाई एकांतात जे बोलतात, ते कोणी लिहून ठेवले होते? कोणीच नाही. ते लेखकाने आपल्या मनाने रचले. १९६२ मध्ये आलेले हे पुस्तक वाचून कित्येक घरांत लोक रडले. मीही रडले. ते रडणे खोटे नव्हते. फक्त तारीख कुठे संपते आणि कल्पना कुठे सुरू होते, याची रेघ पानावर आखलेली नसते.

त्या रेघेचे मला एवढे का वाटते, ते सांगते. मी दोन भाषांत वाचते. म्हणून मला दोन्ही कपाटे दिसतात. मराठीतल्या पुष्कळ सामान्य ऐतिहासिक कादंबऱ्यांत दुष्ट माणूस कोण असतो? लाल डोळ्यांचा, दाढी कुरवाळत खदाखदा हसणारा खान. आणि उर्दूतल्या पुष्कळ सामान्य ऐतिहासिक कादंबऱ्यांत? तिथे सगळे मर्द गाजी आपले आणि सगळे भेकड, कपटी लोक समोरच्या सैन्यात. नसीम हिजाजी यांच्या कादंबऱ्या भाईजान एका बैठकीत संपवत. घोड्यांच्या टापा, तलवारी, वेग, सगळे होते. पण समोरच्या छावणीतला एखादा सैनिक रात्री घरच्यांची आठवण काढत बसला आहे, असे मला त्यांत क्वचितच दिसले. आमच्या गल्लीत मुले लढाई खेळत, तेव्हा शत्रू व्हायला कोणीच तयार नसे. शेवटी सर्वांत लहान मुलाला शत्रू करत, आणि तो रडत घरी जाई. मला ही पुस्तके त्या खेळासारखी वाटत.

गंमत अशी, की या दोन्ही कपाटांचा पाया घालणारी माणसे एकाच काळातली. लखनौचे अब्दुल हलीम शरर यांचा जन्म १८६० चा, तर हरि नारायण आपटे यांचा १८६४ चा. दोघांनीही इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या होत्या. वॉल्टर स्कॉट यांच्या ‘टॅलिस्मन’ कादंबरीतले मुसलमानांचे चित्रण शरर यांना खटकले आणि त्यांनी उत्तरादाखल १८८८ मध्ये ‘मलिकुल अजीज वर्जना’ लिहिली. आपटे यांनी टिपू सुलतानावरची ‘म्हैसूरचा वाघ’ लिहिली, ती मेडोज टेलर यांच्या इंग्रजी कादंबरीच्या आधाराने. पुढे शिवाजी महाराजांच्या काळावर त्यांनी ‘उषःकाल’ लिहिली. आपला इतिहास दुसऱ्याने सांगू नये, आपण सांगावा, ही ओढ दोघांचीही. ती ओढ मला पूर्ण समजते. पण ‘आपला’ म्हणजे कोणाचा, हा प्रश्न लखनौत बसून वेगळा दिसतो आणि पुण्यात बसून वेगळा.

शरर यांचे १८९९ चे ‘फिरदौस-ए-बरीं’ हे पुस्तक मात्र मला वरच्या दर्जाचे वाटते. माझे तिन्ही कप्पे या एका लहान पुस्तकात मावतात. हुसैन आणि जमुर्रद हे दोघे प्रवासाला निघालेले असतात. डोंगरात जमुर्रद नाहीशी होते. काही काळाने हुसैनला तिचे पत्र येते, तेही म्हणे जन्नतमधून! तिला पुन्हा भेटायचे, तर जन्नतमध्ये जायला हवे. आणि तिथे नेणारी माणसे त्याची किंमत म्हणून त्याला खून करायला सांगतात. ज्यांच्याविषयी मनात आदर, त्या आपल्याच चुलत्याचा. हुसैन तो करतो. पुढे कळते, की ती जन्नत म्हणजे आलमूतच्या डोंगरात लपवलेली एक बाग आहे. येथे एकही भूत नाही. पण चांगल्या मुलाला चांगल्या शब्दांनी खुनी कसे बनवले जाते, हे दाखवणारी एवढी भयंकर कादंबरी मी दुसरी वाचली नाही. शत्रू परक्या सैन्यात नाही, तो कानाशी हळू बोलणारा आहे. हुलागूच्या मंगोल फौजेने आलमूत १२५६ मध्ये पाडले, हा इतिहास. ती नकली जन्नत मात्र इतिहासकार खरी मानत नाहीत. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनामुळे पसरलेली ती दंतकथा आहे. तरी शरर वाचल्यावर ती बाग डोळ्यांसमोरून हलत नाही. कादंबरीची ताकद ती अशी.

मराठीत ना. सं. इनामदार यांच्याबद्दल मला विशेष आदर आहे. ज्यांना लोकांनी नावे ठेवली, अशी माणसे त्यांनी नायक म्हणून निवडली. दुसऱ्या बाजीरावावर ‘मंत्रावेगळा’ लिहिली. ‘शहेनशहा’ या कादंबरीत तर त्यांनी औरंगजेबालाच मध्यभागी बसवले. त्याचे राजकारण आवडो वा न आवडो, ज्याचे नाव घेताच अजूनही भांडणे होतात, अशा माणसाच्या डोक्यात शिरून पाहायला लेखकाजवळ धाडस लागते. मेरी शेलीने फटीतून पाहणाऱ्याला बोलू दिले, तसेच काहीसे हे आहे. पानिपतात नाहीसे झालेल्या सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई. तिच्यावर त्यांनी लिहिलेल्या कादंबरीचे नाव ‘शिकस्त’. हे मराठी पुस्तकाचे नाव पुण्यातल्या एखाद्या मुलाला कदाचित विचारावे लागेल. तुम्हांला विचारावे लागणार नाही.

पानिपतचे नाव निघालेच आहे, तर विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’विषयी बोलते. ही कादंबरी १९८८ मध्ये आली. पुस्तक जाडजूड आहे. शेवट सर्वांना आधीच ठाऊक आहे. मराठीत ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचारच आहे, त्याचा अर्थ पूर्ण पराभव होणे. तरी वाचताना प्रत्येक पानावर वाटते, की यावेळी कदाचित जिंकतील. यमुना आडवी आली नसती तर! रसद वेळेवर पोचली असती तर! ज्या लेखकाला ठाऊक असलेला शेवट विसरायला लावता येतो, तो मोठा लेखक, असे मी मानते.

या कादंबरीत मी ज्या माणसासाठी पुन्हा पुन्हा जाते, तो आहे इब्राहिमखान गारदी. तो बुसी या फ्रेंच सेनापतीच्या हाताखाली तयार झालेला. आधी निजामाच्या चाकरीत होता, मग पेशव्यांकडे आला. मराठ्यांचे कवायती पायदळ आणि तोफखाना त्याच्या हाती होता. समोर अहमदशहा अब्दाली, नजीबखान रोहिला आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला. समोरचे सरदार त्याच्या धर्माचे, आणि तो ज्यांच्यासाठी लढतो ते दुसऱ्या धर्माचे. माझ्या सामान्य कादंबऱ्यांच्या हिशेबात हा माणूस कुठेच बसत नाही. म्हणून तर त्या हिशेबावर माझा विश्वास नाही.

आणखी एक नवल ऐका. त्या लढाईचा एक फार महत्त्वाचा वृत्तान्त काशीराज नावाच्या पंडिताने लिहिला आहे. हा काशीराज मूळचा दक्षिणेतला ब्राह्मण. पण लढाईच्या दिवशी तो होता शुजाउद्दौलाच्या छावणीत, त्याच्या चाकरीत. आणि वृत्तान्त त्याने लिहिला फारसीत! म्हणजे इकडे इब्राहिमखान, तिकडे काशीराज. कोणती छावणी कोणाची, हे तुम्हीच सांगा.

इब्राहिमखान आपल्या शिपायांच्या पगारासाठी फार हट्ट धरी. महिन्याचा पगार महिन्याला मिळालाच पाहिजे. भाऊसाहेबांना या हट्टाचा राग येई. काशीराज लिहितो, की लढाईच्या दिवशी सकाळी इब्राहिमखान भाऊसाहेबांपाशी आला, मुजरा केला आणि म्हणाला, की मी पगार मागत होतो म्हणून आपण माझ्यावर रागावत होता, तो पगार आम्ही फुकट घेतला नाही, हे आज दिसेल. मग तो आपल्या पलटणींकडे परतला आणि रोहिल्यांवर चालून गेला. त्याचे बहुतेक शिपाई त्या दिवशी पडले. तो स्वतः जखमी होऊन पकडला गेला आणि नंतर त्याला मारण्यात आले.

‘पानिपत’ मी आजवर चार वेळा वाचले आहे. १४ जानेवारीचे पान जवळ आले, की माझा वाचण्याचा वेग आपोआप कमी होतो. दिवसाला दोन पाने, कधी एकच. भाईजान आता म्हातारे झाले आहेत. ते विचारतात, “अजून लढाई संपली नाही का?” मी म्हणते, “नाही, अजून सकाळच आहे. पगाराचे बोलणे चालले आहे.”